आगाऊ इतिवृत्त

देवव्रत सामंत पुस्तकं न्यायला आला तेव्हा क्षमा टिपणीसला बरंच वाटलं. अडीच खोल्यांच्या घरात मंडळाच्या पुस्तकांनी एक अख्खं कपाट अडवून ठेवलं होतं. ते रिकामं झालं की अण्णांची औषधं, रिपोर्टांच्या फायली, वाफेचं यंत्र, सगळं तिथे मावलं असतं. ब्याऐंशी वर्षांच्या बापाला एकटीने सांभाळणाऱ्या बाईला विचारा कपाटाची किंमत. तिने देवव्रतला चहा दिला, वर दोन खारी दिल्या.

देवव्रतने सत्तेचाळीस पुस्तकं मोजून दोन पिशव्यांत भरली. मग लांबडं रजिस्टर उघडून अण्णांपुढे धरलं. अण्णांनी सही केली. सहीसमोर त्याने टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'सर्व पुस्तके जमा. बाकी निरंक.' एरवी तो निघताना दारात उभा राहून अर्धा तास बोलत असे. त्या दिवशी अण्णांच्या पाया पडला आणि मुकाट्याने जिना उतरला.

अण्णा रिकाम्या कपाटाकडे बघत बसले. पुस्तकं गेली म्हणून करमत नसेल, असं समजून क्षमा कामाला लागली. गुढीपाडवा चार-पाच दिवसांवर आला होता.

आता हे मंडळ काय होतं ते सांगायला हवं. मुलुंड विज्ञानकथा रसिक मंडळ. नाव भारदस्त, पण मुलुंड पूर्वेला नवघरच्या आसपास त्यांना सगळे 'तबकडीवाले' म्हणत. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू बघायला अकरा जण येऊरच्या डोंगरावर गेले. धूमकेतू दिसला नाही, डास मात्र भरपूर चावले. परत येताना क्षमाचे वडील रामनाथ टिपणीस, म्हणजेच अण्णा, म्हणाले की आभाळात नाही तर नाही, पुस्तकांत तरी बघू या. अण्णा भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते; ओळ आखली की ती सरळच गेली पाहिजे, असा खाक्या. तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता एका सोसायटीच्या सभागृहात सभा भरत आली. स्वतःची जागा नव्हती म्हणून पुस्तकं सभासदांच्या घरी वाटलेली. पाहुणे बोलायचे, भांडणं व्हायची. काळात मागे जाता येतं की नाही यावरून दोन सभासद अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

आणि एक प्रथा होती, अण्णांनी काढलेली. "पुढच्या महिन्याचं सांगता येत नसेल, तर तीनशे वर्षांपुढच्या गप्पा मारू नयेत," असं ते म्हणत. म्हणून चिटणीसाने पुढच्या सभेचं इतिवृत्त आधीच लिहायचं. कोण आलं, कोण नाही, पाहुणे काय बोलले, भांडण कुणाचं झालं, सगळं. पाकिटात घालून ते चिकटवायचं, पाकिटाच्या तोंडावर अण्णांनी सही करायची आणि ते सभागृहातल्या लोखंडी कपाटात ठेवायचं. सभा संपली की पाकीट फोडून वाचायचं आणि जे जुळेल त्याला गुण द्यायचे, वीसपैकी. याला म्हणत आगाऊ इतिवृत्त. पहिली पंचवीस वर्षं कुणालाही पाचाच्या वर गुण पडले नाहीत. एका चिटणीसाने 'पाहुणे वेळेवर आले' असं सलग चौदा महिने लिहिलं आणि चौदाही वेळा तोंडघशी पडला. सभेतला सगळ्यात हसण्याचा भाग तोच असे.

मग २०११ मध्ये देवव्रत चिटणीस झाला. विमा कंपनीत दावे तपासणारा माणूस, मृदू बोलणारा, कुणाचा वाढदिवस न विसरणारा. त्याला पहिल्या वर्षी अकरा गुण पडले, तिसऱ्या वर्षी पंधरा. त्यात जादू नव्हती आणि सगळ्यांना ते ठाऊक होतं. तो आधी फोन करून म्हणायचा, "या खेपेला पावणेपाचला पोहोचलात तरी चालेल हं." सभासद काय समजायचं ते समजून पावणेपाचला पोहोचायचा. आपल्यामुळे गुण गेला असं कुणालाच व्हायला नको होतं. मंडळाची शान होती ती! बाहेरच्यांनी तबकडीवाले म्हणावं, आणि आपलं पाकीट मात्र वीसपैकी एकोणीस खरं निघावं, यात म्हातारी मंडळी सुखावून जात.

क्षमा या सगळ्यापासून लांब होती. शाळेत असताना सभांना गेली तेवढीच. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करायची आणि दिवसभर लोकांचे आकडे बघून तिला भविष्याचं कौतुक उरलं नव्हतं. पण एप्रिलमध्ये मंडळाला चाळीस वर्षं पूर्ण होत होती, स्मरणिकेसाठी इतिहास हवा होता आणि अण्णांना आता अक्षरं नीट दिसत नव्हती. म्हणून जानेवारीपासून लोखंडी कपाटाची एक किल्ली तिच्याकडे आली होती.

देवव्रत पुस्तकं घेऊन गेला त्याच आठवड्यात ती शेवटच्या प्रकरणाला पोहोचली: 'आपले दिवंगत सभासद'. गेल्या दहा वर्षांत तिघं गेले होते. निमकरबाई, प्रभुदेसाई आणि भांडुपगावचे यशवंत वैती. तिघंही सत्तरीच्या पुढचे आणि आजारी. सभेची इतिवृत्तं चाळताना तिला दिसलं की तिघांनाही श्रद्धांजली आगाऊ इतिवृत्तात होती. निमकरबाईंच्या वेळी पाकीट फुटलं तेव्हा सभा सुन्न झाली होती. गुण द्यावेत की नाही यावर दहा मिनिटं चर्चा झाली, आणि मग दिले. वीसपैकी वीस. प्रभुदेसाईंच्या वेळी चर्चा झाली नाही.

क्षमाच्या मनात पाल चुकचुकली, पण म्हाताऱ्या माणसाचं मरण ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही, असं म्हणून तिने ती झटकली. मग कोणी किती पुस्तकं वाचली ते नावापुढे लिहावं म्हणून तिने लांबडं रजिस्टर काढलं. निमकरबाई: सर्व पुस्तके जमा, बाकी निरंक. त्यानंतर एकवीस दिवसांनी गेल्या. प्रभुदेसाई: निरंक, सोळा दिवस. वैती: निरंक, बारा दिवस. जिवंत सभासदांपैकी एकाच्याही नावापुढे तो शब्द नव्हता. म्हणजे गेल्या शनिवारी देवव्रत घरी येईपर्यंत नव्हता. शेवटच्या पानावर आता अण्णांची सही होती.

रविवारी सकाळीच ती भांडुपगावात वैतींच्या घरी गेली. यशवंतरावांची बायको जयंती ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. क्षमाने पुस्तकांचं विचारलं मात्र, तिचा हात थांबला.

"तो सामंत आलता न्यायला. दोन पिशव्या भरून नेलीन. तो गेल्यावर हे मना बोलले, जयंते, माझं आटपलं आता. मी बोलले, येड लागलंय काय तुमाला? त बोलले, मंडळाच्या कागदात लिवलंय, तो कागद खोटा पडाचा नाय."

"आणि मग?"

"मग काय! साखरेचं इंजेक्शन मी भरून द्यायची, हे मागच्या दारी जाऊन ओतून टाकायचे. मना समजलं तवा उशीर जाला व्हता गो."

"तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

"कोनाला बोलू? तुज्या बापाला? तो तर सभेत हुभा राहून ह्यांच्या फोटोला हार घालत व्हता."

क्षमा रिक्षाने घरी आली ती चपला न काढता थेट अण्णांच्या खोलीत गेली. हृदयाची झडप बदलल्यापासून त्यांना रोज सकाळी एक गोळी होती आणि ती एक दिवसही चुकवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वारांच्या खणांची डबी तिने उघडली. आजपर्यंतचे सगळे खण रिकामे. तिला हायसं वाटलं. मग तिने पुस्तकांच्या कपाटातला वर्तमानपत्राचा कागद उचलला. खाली आठ गोळ्या होत्या, एका ओळीत नीट मांडलेल्या.

"अण्णा, हे काय आहे?"

अण्णा आरामखुर्चीत होते. त्यांनी नाकारलं नाही. "ओरडू नकोस. खाली काळे झोपलेत दुपारचे."

"त्या माणसाने कागदावर काहीतरी खरडलं म्हणून तुम्ही जीव देणार?"

"देत नाहीये. जाणारच आहे. तुला समजायचं नाही ते." अण्णांचा आवाज अगदी शांत होता. "भविष्य ठरलेलं असतं की नसतं, यावर आम्ही चाळीस वर्षं भांडलो गं. आता पुरावा आहे. तिघांच्या वेळी दिसलं त्याला. मग मी गोळी घेतली काय नि नाही घेतली काय?"

"त्या तिघांनी औषधं टाकली, अण्णा! म्हणून दिसलं त्याला!"

"ते टाकणार, हेही दिसलंच असेल की." आणि ते हसले. तर्कात जिंकल्यावर हसायचे तसे. क्षमाला त्या हसण्याची भीती वाटली. आयुष्यभर पुस्तकं वाचून हा माणूस इथे येऊन पोहोचला होता.

तिने गोळी जबरदस्तीने त्यांच्या तोंडात घातली. त्यांनी गालात धरली आणि तिची पाठ वळल्यावर थुंकली. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दाखल करा. अण्णा म्हणाले, कर दाखल, तिथेही गाल आहेतच. वर्धापनदिनाची सभा दोन आठवड्यांवर होती.

मग ती देवव्रतकडे गेली. त्याने दार उघडलं, तिच्याकडे पाहिलं आणि पाण्याचा ग्लास आणला.

"देवव्रतदादा, पाकिटात काय लिहिलंयस तू?"

"ते सभेत कळेल."

"तिघांना तू मारलंस. आता माझ्या बापाच्या मागे लागलायस."

"मी कुणाला काही सांगितलेलं नाही, क्षमा. मी फक्त लिहितो."

"पुस्तकं का नेतोस मग?"

"मंडळाची मालमत्ता आहे. मागाहून घरच्यांना त्रास नको." त्याने चष्मा पुसला. त्याचे डोळे झोप नसलेल्या माणसाचे होते. "तुला खरं सांगू? निमकरबाईंचं मी असंच लिहिलं होतं, त्यांचा रिपोर्ट बघून. घाबरून पुस्तकं आणायला गेलो, आणि त्यांना ते कळलं. त्या बाईने माझा शब्द खरा करून दाखवला. तेव्हापासून मी वाट बघतोय, कुणीतरी चुकवावं म्हणून. कुणी चुकवतच नाही यार."

"मग लिहायचं बंद कर ना!"

"बंद केलं तर सगळेच घाबरतील. त्यांना वाटेल, कुणीच उरणार नाही म्हणून लिहिलं नाही."

क्षमा तिथून निघाली ती थेट सभागृहात गेली. लोखंडी कपाट उघडून तिने पाकीट काढलं आणि उभ्या उभ्या फोडलं. देवव्रत आतला मजकूर टाइप करून छापत असे. मंडळाच्या छापील कागदावर एक पान. एकतीस हजर. संस्थापक कै. रामनाथ टिपणीस यांना दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली. तसबिरीला शेवंतीचा हार. 'कु. क्षमा टिपणीस यांनी मंडळाचा इतिहास वाचून दाखवला. वाचताना त्यांना दोनदा थांबावे लागले.' हे शेवटचं वाक्य वाचताना ती खरोखरच थांबली, आणि तिला त्या माणसाची अशी चीड आली की कागद फाडून त्याचे अगदी बारीक तुकडे केले.

फाडून भागणार नव्हतं. पाकीट नाही म्हटल्यावर अण्णांनी अर्थ काय लावला असता, ते तिला आता कळत होतं. काट्याने काटा काढावा, तसं इथे पाकिटाला उत्तर पाकीटच होतं. तिने लॅबमधल्या संगणकावर नवं इतिवृत्त लिहिलं. देवव्रतचं बाकी सगळं तसंच ठेवलं, तो चुकत नसे. फक्त एकतीसचे बत्तीस हजर केले आणि श्रद्धांजली नि हाराच्या जागी लिहिलं, 'संस्थापक अण्णा टिपणीस यांनी पंचवीस मिनिटे भाषण केले.' छापील कागद कपाटात होतेच. नव्या पाकिटावर तिने अण्णांची सही केली. बँकेच्या अर्जांवर ती दोन वर्षं करतच होती.

मग तिने कपाटातून त्या दोन पिशव्या काढल्या, रिक्षात घातल्या आणि घरी आणल्या. सत्तेचाळीस पुस्तकं परत लावली, औषधं पुन्हा स्वयंपाकघरात गेली. लांबडं रजिस्टर तिने अण्णांपुढे धरलं. त्यात लिहिलं होतं, 'पुस्तके पुन्हा वितरित.'

अण्णांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "देवव्रतने पाठवली?"

"रजिस्टरमध्ये आहे ना," ती म्हणाली.

त्यांनी रजिस्टरकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग सही केली आणि हात पुढे केला. "गोळी दे."

पाच एप्रिलला सभा भरली. अण्णांना खुर्चीत बसवून वर नेलं तेव्हा म्हातारी मंडळी उठून उभी राहिली आणि एकमेकांकडे बघू लागली. देवव्रत अण्णांच्या पाया पडला. अण्णा बोलायला उभे राहिले. येऊरचे डास, न दिसलेला धूमकेतू, सगळं सांगितलं. बोलताना त्यांची नजर क्षमावर होती. क्षमाने मनगटावरच्या घड्याळावर बोटं ठेवली होती. पंचवीस मिनिटं झाल्यावर तिने ती काढली, आणि अण्णांनी त्या वाक्याशेवटी भाषण संपवलं.

मग क्षमाने इतिहास वाचला आणि कागदात होतं तशी दोनदा थांबली. पाकीट देवव्रतने फोडलं. पहिल्या दोन ओळींनंतर तो अडखळला. हे आपलं नाही, असं तो म्हणू शकला असता. पण मग आपलं काय होतं ते सांगावं लागलं असतं. त्याने शेवटपर्यंत वाचलं. वीसपैकी वीस. तरुण सभासदांनी टाळ्या पिटल्या, कुणीतरी शिट्टीही मारली.

"पंधरा वर्षं झाली," टाळ्या थांबल्यावर देवव्रत म्हणाला. "आता चिटणीसाचं काम क्षमाने बघावं."

सगळे हात वर गेले. नाही म्हणायला ती उठली, तेवढ्यात तिला समोरच्या रांगेतले म्हातारे दिसले. ते तिच्या तोंडाकडे बघत नव्हते, हाताकडे बघत होते. देवव्रतने छापील कागदांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "सुटलो बाई."

निघताना समोरच्या रांगेतले पाटणकर आजोबा जिन्यात थांबले होते. त्यांनी तिच्या तब्येतीची चौकशी केली, लॅबची केली. मग म्हणाले, "माझ्याकडे बारा पुस्तकं आहेत मंडळाची. असू देत ना अजून थोडे दिवस?"

"असू देत की," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने अण्णांना चहा करून दिला आणि तिला वाटलं, जिंकलो आपण. वर्धापनदिन झाला, माणूस समोर खुर्चीत बसून बशीत चहा ओततोय. आणखी काय पाहिजे?

"पाकिटावरची सही माझी नव्हती," अण्णा म्हणाले.

ती चहाचं भांडं उचलायला लागली.

"ड्राफ्ट्समन होतो मी. स्वतःची रेघ ओळखू येणार नाही होय मला? रजिस्टरमधलं अक्षरही तुझंच."

"मग गोळी का घेतलीत?"

"तू लिहिलंस म्हणून. देवव्रतच्या कागदात मी नव्हतो. तुझ्या कागदात होतो." त्यांनी बशी खाली ठेवली. "लेकीला मी हवा होतो, हे लेखी मिळालं. कुणाला मिळतं?"

क्षमा रडली. पंचेचाळीस वर्षांची बाई, बापाच्या मांडीवर डोकं ठेवून लहान मुलीसारखी रडली. अण्णा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "कधीतरी थकशील. थकलीस की नुसतं नाव गाळ. मी समजून घेईन."

"काहीतरीच काय बोलता!" ती ताडकन उठली. थकेन? मी? तिने टेबलापाशी बसून छापील कागदांचा गठ्ठा पुढे ओढला. मे महिन्याचं इतिवृत्त: हजर, पहिलं नाव रामनाथ टिपणीस. मग एकावर ती थांबेना. जून, हजर, रामनाथ टिपणीस. जुलै. ऑगस्टमध्ये पाऊस असूनही हजर. ती रागाने लिहीत होती, प्रेमाने लिहीत होती. बाकीच्यांची नावं घाईत, त्यांचं मात्र ठळक. लिहिता लिहिता दिवाळी आली, संक्रांत आली. रात्री उशिरा गठ्ठा संपला तेव्हा तिचं मनगट दुखत होतं. तिने सगळे कागद नेऊन अण्णांच्या मांडीवर ठेवले.

"हे घ्या. आता बोला."

अण्णांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन एकेक पाहिला. प्रत्येकावर पहिल्या नावाखाली बोट फिरवलं. ते खूश झालेले दिसत होते.

"किती आहेत?"

"अकरा."

ते बोटांवर मोजू लागले. मे, जून, जुलै. करंगळीपासून पुन्हा सुरुवात केली. "म्हणजे मार्चपर्यंत," ते म्हणाले.

"नाही, अण्णा. कागद संपले म्हणून थांबले. उद्या आणखी आणते ना मी! छापून आणते!"

"नको, नको. पुष्कळ आहेत." त्यांनी कागदांच्या कडा जुळवून गठ्ठा नीट केला, खिशातलं पेन काढलं आणि पहिल्या पानावर सही केली. "अकरा महिने म्हणजे भरपूर झाले. तेवढ्यात आवरेल माझं."